अँटी-सीसीपी तपासणी: घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचा अनुभव

आईच्या बोटांचे सांधे सकाळी तास-दीड तास आखडलेले राहू लागले, तेव्हा संधिवाततज्ज्ञांनी रुमेटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या शंकेने आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या, रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासण्या लिहून दिल्या आणि आम्ही जवळच्या एका लॅबची घरपोच सेवा घेतली. रक्त घ्यायला आलेल्या मुलीचा हात हलका होता. सुजलेल्या मनगटाला धक्का न लावता तिने कोपरापाशी पहिल्याच प्रयत्नात शीर शोधली. तक्रार आहे ती अहवालाची. अँटी-सीसीपीच्या आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ एवढेच छापलेले, आणि संदर्भमर्यादा (सामान्य प्रमाण किती ते) मात्र तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. वास्तविक या आजाराच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक प्रमाणाला जास्त गुण आहेत, आणि अशा रुग्णांत सांध्यांतील हाड झिजण्याचा धोकाही अधिक असतो. आरए फॅक्टर तर हेपेटायटिस सी असलेल्यांत किंवा निरोगी वृद्धांतही सापडतो. दर तीन महिन्यांनी अँटी-सीसीपी तपासणी करण्याचे पॅकेजही लॅबने पुढे केले (विक्रीकौशल्य वाखाणण्यासारखे!). ते आम्ही नाकारले, कारण औषधाचा गुण येतो आहे का, हे डॉक्टर सांधे दाबून आणि ईएसआर, सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाहून ठरवतात. नमुना घेण्याला पाचपैकी चार, अहवालाला दोन.