स्वस्तातली पीई अँटीबॉडी आणि स्टिकरखालचं स्टिकर

फ्लोसाठी (फ्लो सायटोमेट्री, म्हणजे सेल्सना चमकणारा रंग लावून लेझरखाली एकेक मोजणं) अँटीबॉडी मागवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, आणि ज्यांना ग्रँटचे पैसे ३१ मार्चच्या आत संपवायचे असतात त्यांनी तर नक्कीच, कारण खोटी अँटीबॉडी विकणारी माणसं नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्येच उगवतात.

आमची लॅब पुण्यात, काम पेशंटच्या रक्तातल्या गॅमा-डेल्टा टी सेल्सवर. टी सेल्स म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. बहुतेक टी सेल्सवर अल्फा-बीटा रिसेप्टर असतो, थोड्यांवरच गॅमा-डेल्टा, रक्तात ढोबळमानाने १०० टी सेल्समागे १ ते ५. त्या ओळखायला त्या रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी लागते आणि तिला चमकणारा रंग जोडलेला लागतो. आम्ही वापरतो पीई, म्हणजे लाल शेवाळातलं फायकोएरिथ्रिन, ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरवर चालतं आणि ५७८ नॅनोमीटरच्या आसपास झकास चमकतं. आता बघा, जी गोष्ट मुळातच २-३ टक्के दिसते ती अर्धा टक्का दिसली तर बाटली खोटी आहे असं कोणाच्या डोक्यात येणार? सगळे म्हणणार पेशंटच तसा आहे. सगळ्याच टी सेल्सवर असणाऱ्या सीडी३ ची अँटीबॉडी असती तर पहिल्याच ट्यूबला चोर सापडला असता. अशा दुर्मिळ सेल्सच्या अँटीबॉडीतच हा धंदा बिनबोभाट चालतो.

तर झालं असं की जुनी व्हायल संपली, क्लोन बी१ (ह्या अँटीबॉडीचा ठरावीक प्रकार), पीई, १०० टेस्टची. आपल्याकडे तीन कोटेशन आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला. अधिकृत डिस्ट्रिब्युटरचा रेट नेहमीचा आणि डिलिव्हरी सहा ते आठ आठवडे, आणि तिसरा एक कोणीतरी, त्याचा रेट निम्मा आणि वर 'रेडी स्टॉक'. कॅटलॉग नंबर तोच, कंपनी तीच, म्हटल्यावर पर्चेस कमिटी तरी काय करणार, एल-वनलाच ऑर्डर गेली. फोनवर बोलणं असं गोड की विचारू नका, "मॅडम, अजिबात टेन्शन घेऊ नका, ड्राय आइसमध्ये पाठवतो, एकदम फुल कोल्ड चेन!" पीई जोडलेली अँटीबॉडी फ्रीझ करायचीच नसते हो, २ ते ८ डिग्रीत ठेवतात, मूळ कंपनी जेल पॅकवर पाठवते. ज्याला एवढंही माहीत नाही तो ह्या मालाचा डीलर कसला? पण मार्चची घाई, त्यात पेमेंट ॲडव्हान्स.

माल आला, स्टोअरच्या काकांनी चलनावर सही केली, व्हायल आमच्या फ्रीजमध्ये. पेशंटच्या सॅम्पलना गॅमा-डेल्टा जेमतेम अर्धा टक्का यायला लागले. सरांना वाटलं काहीतरी इंटरेस्टिंग सापडतंय, त्यांनी तर कॉन्फरन्सच्या ॲबस्ट्रॅक्टची भाषा सुरू केली! मला खटकलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे व्ही-डेल्टा-२ ची अँटीबॉडी होती, तीही पीईच, जुन्या डिस्ट्रिब्युटरकडची. व्ही-डेल्टा-२ हा गॅमा-डेल्टाचाच एक गट, मोठ्या माणसांच्या रक्तात बहुधा सगळ्यात मोठा. दोन्ही एकत्र टाकल्या तर एकमेकींच्या आड येऊ शकतात म्हणून वेगळ्या ट्यूबमध्ये लावतो. आणि एकाच माणसाच्या रक्तात व्ही-डेल्टा-२ आले ३ टक्के आणि सगळे गॅमा-डेल्टा मिळून १ टक्कासुद्धा नाही. घरात माणसं दोन आणि त्यातली मुलं सहा, असला हिशोब.

मग कॉम्पेन्सेशन बीड्स घेतले. हे प्लॅस्टिकचे बारीक मणी असतात, त्यावर उंदराची अँटीबॉडी जशीच्या तशी चिकटते, रक्ताचा काही संबंधच नाही, म्हणजे सेल्सचं कारण सांगायची सोय उरत नाही. ग्राफवर व्ही-डेल्टा-२ चा पीक पार उजवीकडे, म्हणजे चमक भरपूर, स्वच्छ. नव्या व्हायलचा पीक निगेटिव्ह बीड्सला (ज्यांना अँटीबॉडी चिकटतच नाही) जवळजवळ खेटून. रंग तोच, डिटेक्टर तोच, दिवस तोच.

व्हायल उजेडात धरली तर पाण्यासारखी. त्या कॉन्सन्ट्रेशनची पीई नुसत्या डोळ्यांनाही गुलाबीसर दिसते, आमच्या जुन्या रिकाम्या व्हायलच्या बुडाशी राहिलेला थेंबसुद्धा गुलाबी होता. मग लेबल बघितलं. फ्रीजच्या दमटपणाने एक कोपरा सुटला होता, ७० टक्के इथेनॉलचा बोळा लावून हळूहळू नखाने उचलला तर खाली दुसरं लेबल, आणि त्यावरची एक्सपायरी केव्हाच उलटून गेलेली. वरच्या लेबलवरचा लॉट नंबर मूळ कंपनीच्या टेक सपोर्टला ईमेल केला. उत्तर आलं की हा लॉट खरा आहे पण तो दुसऱ्याच कलरचा आहे, पीईचा नाहीच.

विक्रेत्याला फोन केला तर आधी म्हणे तुमचं लेझर अलाइनमेंट करून घ्या, मग म्हणे हाच लॉट बाकी लॅबना दिलाय, कोणाची कम्प्लेंट नाही. लेबलचा फोटो पाठवल्यावर म्हणे "मॅडम, क्रेडिट नोट देतो, पुढच्या ऑर्डरला ॲडजस्ट करू." पुढची ऑर्डर! बिलावर बारीक अक्षरात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' होतंच. संस्थेने नोटीस पाठवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. पैशाचं एक वेळ सोडा, पेशंटचं ताजं रक्त गेलं ते परत कुठून आणायचं? त्यातल्या काहींची ट्रीटमेंट सुरू झाली, आता आधीचं सॅम्पल मिळणारच नाही.

आता आमच्या पीओमध्ये (पर्चेस ऑर्डरमध्ये) आम्ही सरळ लिहून टाकलंय की मूळ कंपनीचं ऑथरायझेशन लेटर कोटेशनसोबतच पाहिजे म्हणजे एल-वनची स्पर्धा खऱ्या डीलरांमध्येच होते, लॉट नंबर आणि एक्सपायरी चलनावर छापलेली पाहिजे, आणि पेमेंट बीड्सवर तपासून झाल्यावरच. चलनावर सही करताना काका आता 'तपासणीच्या अधीन' असं लिहितात, तेवढ्यानेही नोटिशीच्या वेळी फरक पडतो असं अकाउंट्सवाले म्हणाले. बीड्सच्या तपासणीला अर्धा तास पुरतो, पेशंटचं रक्त त्याच्यानंतरच काढायचं.

आणि हो, गेल्या आठवड्यात शेजारच्या डिपार्टमेंटला एक कोटेशन आलं, फर्मचं नाव नवीन, लेटरहेड नवीन, मोबाईल नंबर मात्र तोच. ह्या वेळी व्ही-डेल्टा-२ स्वस्तात देतोय.