संयोगभूमीच्या सापोतेक भाषेचा बोलका शब्दकोश

मेक्सिकोतील ओआहाका राज्यात, तेवांतेपेकच्या संयोगभूमीवर, हुचितान आणि आसपासच्या गावांत बोलल्या जाणाऱ्या सापोतेक भाषेचा एक बोलका शब्दकोश मी गेले तीन महिने रोज वापरत आहे. शब्दावर बोट ठेवले की तो मूळ भाषकाच्या आवाजात ऐकू येतो आणि शेजारी स्पॅनिश अर्थ दिसतो. या भाषेला अशाच साधनाची गरज होती, कारण तिचा अर्थ गळ्यात ठरतो.

'ग्ये' म्हणजे दगड. तोच शब्द शेवटी कंठात झटकन तोडला की 'फूल' होतो. लिहिताना फरक फक्त एका अपॉस्ट्रॉफीचा असतो. पहिल्या दिवशी मला दोन्ही उच्चार सारखेच वाटले. हेडफोन लावून दहा-बारा वेळा ऐकल्यावर फुलाच्या शेवटचा तो बारीक अडथळा कानाला जाणवला, आणि मग तो विसरता येईना. 'बेंदा' म्हणजे मासा, तर सापाच्या शब्दात पहिला स्वर मध्येच कापरा होतो आणि शेवटचा कंठात तुटतो. साधा, तुटका आणि कापरा असे स्वरांचे हे तिन्ही प्रकार ध्वनिमुद्रणात स्वच्छ उतरले आहेत. 'बिन्नी', म्हणजे लोक, या शब्दातला 'न' किती ठाम आणि लांब आहे, हेही नीट कळते.

1956 साली ठरलेल्या वर्णमालेत तुटक्या आणि कापऱ्या स्वरांसाठी खुणा आहेत, परंतु सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, लिहिले जात नाहीत. आपल्या 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार आपण जसे सवयीने ओळखतो, तसेच हुचितानचा वाचक सूर ओळखतो; बाहेरच्या माणसाला मात्र आवाजाचाच आधार. इथेच हा शब्दकोश कमी पडतो. प्रत्येक शब्द सुटा म्हटलेला आहे, आणि या भाषेत शेजारच्या शब्दामुळे सूर बदलतो. त्यामुळे पाठ केलेला सूर वाक्यात चालत नाही. शिवाय जवळपास सर्व नोंदी एकाच पुरुषाच्या आवाजात असल्याने सूर कोणता आणि त्याच्या गळ्याची ढब कोणती, हे वेगळे काढता येत नाही. प्रत्येक नोंदीला एक छोटे वाक्य आणि आणखी एक आवाज जोडला, तरी मोठे काम होईल. तोवर ज्यांना ही भाषा मनापासून शिकायची आहे, त्यांनी तो जरूर वापरावा, मात्र स्वर पारखण्यासाठी. सूर शिकण्यासाठी गप्पांची ध्वनिमुद्रणेच ऐकावीत.