"सध्याचं पॅकेज किती?" या एका प्रश्नासाठी घेतलेलं मॉक सेशन, माझा अनुभव

जॉब बदलायचा ठरवल्यावर मला टेक्निकल राउंडचं टेन्शन नव्हतं, टेन्शन होतं ते एचआरच्या पहिल्या कॉलचं, कारण त्यात हमखास विचारतात "सध्याचं पॅकेज किती?" आणि मी दरवेळी आकडा सांगून मोकळी व्हायचे, मग ऑफर त्याच आकड्याला धरून यायची. म्हणून यावेळी पैसे भरून एक तासाचं ऑनलाइन मॉक सेशन (म्हणजे खोट्या इंटरव्ह्यूचा सराव) घेतलं, फक्त पगाराच्या बोलण्यावर. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण एक तक्रार आहे आणि ती छोटी नाही.

सेशन घेणाऱ्या मॅडम आधी बरीच वर्षं रिक्रूटमेंटमध्ये होत्या. लेक्चर वगैरे काही नाही, सरळ एचआर बनून बोलायला लागल्या आणि तिसऱ्याच मिनिटाला तो प्रश्न. मी आकडा सांगितला, त्या गप्प बसल्या, आणि मी लगेच म्हटलं "म्हणजे थोडं खालीवर चालेल मला". कोणी विचारलंच नव्हतं! त्यांनी रेकॉर्डिंग थांबवून तेवढंच वाक्य मला तीनदा ऐकवलं. फार लागलं ते. समोरचा गप्प असतो तेव्हा तो बहुतेक नुसता टाईप करत असतो, आणि आपल्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून आपणच आपला भाव पाडतो. मग सहा वेळा तेच केलं, उत्तर द्यायचं आणि थांबायचं, त्या मुद्दाम दहा दहा सेकंद बोलायच्याच नाहीत. चौथ्या वेळेपर्यंत मला घाम फुटत होता, सहाव्याला जमलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की कारणं नीट सांगितली. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग सांगितला. लोकांसमोर एक चक्र फिरवायचे, ते १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं, आणि मग विचारायचे की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील. १० बघितलेल्यांचा अंदाज साधारण २५, ६५ बघितलेल्यांचा ४५. ज्या आकड्याचा उत्तराशी काही संबंधच नाही तोही एवढं ओढतो, मग पगाराचा आकडा तर किती ओढेल विचार करा. शिवाय टक्क्यांचं गणित बघा, मार्केट रेट १०० आहे आणि तुम्ही ७० वर आहात तर ३० टक्के हाईक मिळूनही ९१ वरच येता, आणि तरी आनंदाने सही करता कारण "३० टक्के" ऐकायला मोठं वाटतं. मी हे आधी दोनदा केलंय.

उत्तर काय द्यायचं तर, "या रोलची जबाबदारी आणि सध्याचा मार्केट बघता मी अमुक ते अमुक रेंज धरलीये, तुमचं बजेट त्यात बसतं का?" फॉर्ममध्ये रकाना सक्तीचा असेल आणि आकडाच लागत असेल तर शून्य टाकून खाली लिहायचं की यावर कॉलवर बोलू. तरीही हटून बसले तर खरंच सांगायचं, पण फोडून सांगायचं, फिक्स्ड किती, बोनस किती, आणि पुढच्या दोन महिन्यांत इन्क्रिमेंट येणार असेल तर तेही. आणि तुमचा पगार आधीच चांगला असेल तर लपवायचं काही कारण नाही, पहिल्या कॉललाच सांगा, दोघांचा वेळ वाचतो.

हा प्रश्न विचारायलाच बंदी असलेल्या जागा आहेत हे मला माहीतच नव्हतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये कायदा केला, लागू झाला १ जुलै २०१८ पासून, कॅलिफोर्नियात २०१८ च्या जानेवारीपासून. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या डायरेक्टिव्हमध्येही उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही असं आहे, सदस्य देशांना तसा कायदा करायची मुदत ७ जून २०२६. बायकांना आधी कमी मिळालं की तेच पुढच्या प्रत्येक नोकरीत चिकटून येतं, हे त्यामागचं मोठं कारण. ते ऐकून मला जरा धीर आला खरं सांगायचं तर, मी काही आगाऊपणा करत नव्हते.

आता तक्रार. सेशननंतर जी पीडीएफ मेलवर येते त्यात चक्क लिहिलंय की सध्याचा पगार "१५-२० टक्के वाढवून सांगा". मॅडम तासभर जे शिकवत होत्या त्याच्या अगदी उलट! बऱ्याच कंपन्या जॉइनिंगच्या आधी सॅलरी स्लिप मागतात, बॅकग्राउंड चेक करतात, आणि आकडा जुळला नाही तर हातातली ऑफर जाते, जॉइन झाल्यावर कळलं तर नोकरी जाते. आकडा न सांगणं वेगळं आणि खोटा सांगणं वेगळं. मी मेल करून कळवलं, दोन आठवडे झाले, उत्तर नाही. पहिल्यांदाच जॉब बदलणारं कोणी हे वाचून तसंच करेल याची मला खरंच काळजी वाटते. सेशनची वेळ एकदा ऐनवेळी बदलली तेही आहे, पण ते चालवून घेतलं.

सेशनला पाचपैकी पाच, पीडीएफला शून्य. गेल्या आठवड्यात खरा कॉल आला तेव्हा रेंज सांगितली, प्रश्न विचारला आणि थांबले. पलीकडे कीबोर्डचा आवाज, मी पाण्याची बाटली घट्ट धरून बसले होते, आणि मग त्यांनी स्वतःच त्यांचं बजेट सांगितलं, माझ्या रेंजच्या वरच्या टोकाजवळचं. पुढचा राउंड सोमवारी आहे. बुक करणार असाल तर नुसतं मॉकवालं पॅकेज घ्या, ते स्वस्तही पडतं.