गिटारचे तिन्ही पिकअप गेलेत म्हणाला, आणि मी "बरं" म्हणालो

₹१८,४०० गेले. त्याहून जास्त संताप याचा आहे की सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

गिटार मामाची. मामा बोटीवर नोकरीला होता, १९७८ साली परदेशातून फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. हेडस्टॉकवरचा (मानेच्या टोकावरचा) नंबर 'एस६'ने सुरू होतो, म्हणजे १९७६ची. यंदा व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर, मधूनच आवाज गायब. आता कळतंय, हे पॉटमध्ये (बटणाखालच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या भागात) साचलेल्या धुळीचं नाहीतर सैल जॅकचं, म्हणजे केबल खोचायच्या भोकाचं, लक्षण. साडेतीनशे रुपयांचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीसेक वेळा फिरवलं असतं तर बहुतेक भागलं असतं. पण सोल्डरिंग मला जमत नाही, आणि मामाची वस्तू बिघडू नये म्हणूनच मी पुण्यातल्या एका 'जुन्या गिटारवाल्या' कारागिराकडे गेलो. तो निष्काळजीपणा नव्हता.

त्याने गिटार अँपला लावली. तिन्ही पिकअप (तारांखालचे, त्यांची थरथर पकडणारे चुंबक आणि तारेची गुंडाळी) वाजले. खरखरत, पण वाजले. मग केबल अँपमधून काढून तिच्या टोकाला मल्टिमीटरच्या पिना लावल्या आणि स्विच तिन्ही जागी फिरवला. दर वेळी शून्य. "शॉर्ट झालेत सर, तिन्ही गेलेत."

त्या वेळी व्हॉल्यूम शून्यावर होता. त्याच्या करंगळीने बटण खाली गेलेलं मी पाहिलं होतं! व्हॉल्यूम शून्यावर असला की केबलचं टोक थेट अर्थला जोडलं जातं. पिकअप ठणठणीत असला तरी मीटर शून्यच दाखवणार. बटण दहावर ठेवा, असल्या एका गुंडाळीच्या पिकअपचा आकडा साडेपाच-सहा किलोओहमच्या आसपास यायला हवा. आणि पिकअप खरोखर मरतो तो बहुधा आतली केसासारखी तार तुटून, तेव्हा शून्य येतच नाही. बरं, हे सगळं माहीत नसलं तरी पाच मिनिटांपूर्वी वाजणारे तीन पिकअप एकदम मेले कसे, एवढं तरी विचारायचं! नाही विचारलं. समोरचा आत्मविश्वासाने बोलत होता, दुकानात आणखी दोघं उभे होते, आपण अडाणी दिसू असं वाटलं.

पिकअप ११,४००, तीन पॉट २,२५०, स्विच १,३५०, मजुरी ३,४००. पाच हजार यूपीआयने आगाऊ, उरलेले १३,४०० रोख, कारण "बिल केलं तर जीएसटी लागेल". बिल घ्याच, जीएसटी लागू दे. जुने भाग मागितले तर म्हणाला भंगारात दिले.

तीन आठवड्यांनी मित्राने पिकगार्ड (पिकअप आणि पॉट ज्यावर बसवलेले असतात ती पुढची प्लेट) उघडला. पिकअपच्या तळाला स्वस्त पिकअपला असते तशी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली, पॉट छोटे आणि कोरे. २०१९मध्ये मी स्वतः आत पाहिलं होतं. पॉटवर १३७ने सुरू होणारा नंबर होता, पुढे ७६. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढे वर्ष आणि आठवडा. फोटोही काढला होता, तो फोन चोरीला गेला. तुम्ही आजच काढा, नंबर वाचता येतील असा, आणि स्वतःला मेल करून ठेवा.

चौकीत गेलो. "गिटार मिळाली ना परत? मग चोरी कसली?" पॉट म्हणजे काय हे तिघांना तीनदा समजावलं. शेवटी "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा". अहो, विश्वासाने दिलेली वस्तू ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१६व्या कलमाखाली गुन्हा आहे, मी कलम छापून नेलं होतं! कागदाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्या दिवशी रजेवर. एका हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं थांबलो, पहिला प्रश्न "बिल नंबर?" नाही म्हटल्यावर तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. चार अर्धे दिवस रजा टाकली मी यासाठी. शेवटी वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोच आली, उत्तर नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, तिथे यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲप घेऊन जाणार आहे.

पिकगार्ड तुमच्यासमोर उघडायला लावा. "ठेवून जा" म्हणाला तर गिटार उचला आणि निघा. जुने भाग परत हवेत हे आधी मेसेजवर कबूल करून घ्या.

मामा ऐंशीचा आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्या माणसाला कालही मेसेज केला: पैसे ठेव, माझे तीन पिकअप दे. निळ्या टिका आल्या आहेत.