आमच्या चौकातलं मेडिकल: पाचपैकी चार तारे, एक ऑक्सिमीटरपायी कापला

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकांना आवडणार नाही आणि उद्या मला तिथेच गोळ्या घ्यायला जायचंय. नाशिकला सिडकोत राहणाऱ्यांना दहा बाय बाराचा गाळा, बाहेर सिमेंटचा बाक, आत कुरकुरणारा फ्रिज आणि काउंटरवर सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या-चॉकलेटची बरणी एवढं सांगितलं तरी ओळख पटेल. मालक मूळचे चोपड्याकडचे, सगळा चौक त्यांना आप्पा म्हणतो. बिलाला वहिनी बसतात.

आधी कामाचं सांगते. सवलत मागू नका, मिळत नाही. मोठ्या साखळी दुकानांत वीस टक्के देतात ते आप्पांना माहीत आहे, तुम्ही सांगायची गरज नाही. दुपारी दोन ते चार बंद. पट्टी कापून सुट्ट्या गोळ्या देतात, पण मुदतीची तारीख असलेला तुकडा आठवणीने तुमच्याकडे देतात. आणि पहिला प्रश्न कायम एकच: "चिठ्ठी?" नात्यातला असो, नगरसेवक असो, "चिठ्ठी?"

ह्या एका शब्दापायी मी हे लिहायला बसले.

मला आमवात आहे. गेली कित्येक वर्षं रात्री जेवल्यावर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची २०० ची एक गोळी. मार्च २०२० पर्यंत ह्या गोळीचं नाव आमच्या चौकात मी, आप्पा आणि मागच्या गल्लीतल्या एक बाई सोडून कुणाला उच्चारताही येत नव्हतं. मग तिकडे ट्रम्प ह्यांनी ती गोळी करोनावर गेम चेंजर ठरेल म्हटलं, इकडे आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, डॉक्टर-नर्सेसना प्रतिबंधासाठी घ्यायला सांगितलं, आणि आठवड्यात माझी गोळी बाजारातून गायब. संचारबंदीत मास्क लावून दुकानात गेले तर समोरचे एक गृहस्थ चार पट्ट्या मागत होते. कशाला? "घरात असू द्यावी." आप्पांनी विचारलं, "चिठ्ठी?" त्यावर ते गृहस्थ कुठल्या पक्षाचं सरकार आहे आणि आपली वरपर्यंत कशी ओळख आहे ते सांगायला लागले. आप्पा ऐकून घेतात, मान डोलवतात, आणि देत नाहीत. मार्च संपायच्या आत सरकारने ह्या गोळीला एच-वन लावलं, म्हणजे चिठ्ठी तर हवीच, वर रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं. आप्पांनी काउंटरखालून माझ्या दोन पट्ट्या काढल्या. पाकिटावर पेनाने लिहिलेलं, "ताई, आमवात."

घरी आले तर आमचे हे टीव्हीसमोर छाती फुगवून बसलेले. भारत अमेरिकेला गोळ्या पुरवणार म्हणून. म्हटलं, अमेरिकेला पुरवा, पण तुमच्या बायकोच्या बोटांचं काय? जूनमध्ये इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीत निघालं की दवाखान्यात भरती झालेल्यांना ह्या गोळीने काहीच फरक पडत नाही. ती बातमी ह्यांनी मला वाचून दाखवली नाही. मीच दाखवली.

आता घरची थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाली आम्ही, वरच्या मजल्यावर माझे दीर. २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत दोघे भाऊ एकाच युतीला मत द्यायचे, एकाच स्कूटरवर मतदानाला जायचे. नोव्हेंबरात युती मोडली आणि आमचा जिना म्हणजे सीमारेषा झाली. हे कमळवाले राहिले, भावजी मातोश्रीवाले. त्यानंतर जो काही करोना आला तो दोघांना वेगवेगळा आला. मुंबईत रुग्ण वाढले की ह्यांना राज्याचं अपयश, दिल्लीतून काही कमी आलं की भावजींना केंद्राचा दुजाभाव. आणि हे भांडण घरात मी चालू देत नसल्यामुळे ते आप्पांच्या बाकावर जाऊन बसलं. तिथे चहा मिळतो.

आप्पांचंही स्वतःचं मत आहे, आणि कडक आहे. आत बालाजीच्या तसबिरीशेजारी एका नेत्याबरोबरचा त्यांचा फोटो लावलेला आहे. कुठल्या ते सांगत नाही. दुकानात गेलात की दिसेलच. मुद्दा असा की तो फोटो भिंतीवरच राहतो, काउंटरवर येत नाही.

जून २०२० मध्ये हरिद्वारला पतंजलीचं करोनावरचं म्हणून कोरोनिल निघालं तेव्हा ह्यांनी पहिल्याच दिवशी आप्पांना विचारलं, कधी येणार? दोन दिवसांत राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख ह्यांनी महाराष्ट्रात विकू देणार नाही म्हणून सांगितलं, तर भावजींनी बाकावर पेढे वाटायचे बाकी ठेवले. आप्पा दोघांनाही म्हणाले, "मी ते मागवलंच नव्हतं." विषय संपला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेच औषध केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हजेरीत पुन्हा वाजतगाजत आलं, जागतिक आरोग्य संघटनेला आम्ही असल्या कुठल्या औषधाला प्रमाणपत्र दिलेलं नाही असा खुलासा करावा लागला, आणि आमच्या बाकावर सगळा तमाशा पहिल्यापासून.

लशींचं भांडण मात्र खरं रंगलं. ३ जानेवारी २०२१ ला कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्हींना एकदमच परवानगी मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे तेव्हा आलेले नव्हते. भावजी म्हणाले, आकड्यांशिवाय मी दंड पुढे करणार नाही. आता हे कबूल करते की ह्यात भावजींचं काही चुकलं नव्हतं. चांगले चांगले शास्त्रज्ञही तेच म्हणत होते. पण हेच भावजी कोव्हिशील्डचे आकडे एकदाही विचारेनात. का? तर ती पुण्याची, हडपसरची, म्हणजे आपली. आणि ह्यांना कोव्हॅक्सिनच हवी, कारण ती अस्सल स्वदेशी, आणि १ मार्चला मोदींनी तीच घेतली. आकडे ह्यांनीही पाहिले नव्हते. आप्पांनी मार्चमध्ये कोव्हॅक्सिन ८१ टक्के परिणामकारक असा कंपनीचा आकडा आल्यावर बाकावर जाहीर केलं, "आता कागद आलाय, टोचून घ्या." शेवटचा आकडा जुलैत ७७.८ निघाला, तोही त्यांनीच सांगितला. पण आमच्या जवळच्या केंद्रावर कोव्हिशील्डच यायची. हे महिनाभर स्वदेशी दंड घेऊन घरात बसून राहिले. आणि भावजी पुण्याची लस घ्यायला निघाले तेव्हा केंद्राबाहेर पाटी: "आज लस उपलब्ध नाही." त्याच आठवड्यात राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणत होते तीन दिवसांचाच साठा उरलाय, आणि दिल्लीहून केंद्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन म्हणत होते राज्य स्वतःचं अपयश झाकतंय. पाटी मात्र तिथेच.

एप्रिलच्या मध्यावर भावजी आजारी पडले. आणि इथे तो कापलेला तारा येतो.

ऑक्सिमीटर मी आप्पांकडूनच घेतला होता. तेव्हा ते मिळायचेच नाहीत. अठराशे रुपये, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, डबीवर चकचकीत स्टिकर. भावजींच्या बोटाला लावला की ९७, ९८. तीन दिवस आम्ही त्या आकड्यावर विसंबून होतो. चौथ्या दिवशी जिना उतरताना ते मधेच बसले. ओठ जांभळट दिसले. डॉक्टरांकडच्या यंत्रात ८६ आले.

भावजी भरती झाल्यावर मी ते यंत्र घेऊन दुकानात गेले आणि काउंटरवर आपटलं. आप्पा काही बोलले नाहीत. बिलाजवळची पेन्सिल उचलली, त्या चिमट्यात घातली. नाडी ७२, ऑक्सिजन ९८. पेन्सिलीचा. मागच्या खोक्यात तसेच अकरा पडले होते. त्यांनी माझे पैसे परत दिले, ते अकरा खाली काढले, आणि वहिनींना वहीतून विकलेल्यांची नावं काढायला सांगितली. "बाजारात जे आलं ते घेतलं, ताई. तपासून घ्यायला पाहिजे होतं." खरं होतं. पैसे परत आले, ते तीन दिवस आले नाहीत. म्हणून तारा कापला, आणि तो मी परत जोडणार नाही.

हे त्या दिवसांत सख्ख्या भावासाठी रेमडेसिव्हिरच्या रांगेत सात तास उभे राहिले. उन्हात, पाण्याची बाटली आणि दवाखान्याची चिठ्ठी हातात धरून. तेव्हा मुंबईत त्याच इंजेक्शनवरून रात्री पोलीस ठाण्यात नेत्यांची खडाजंगी झाली होती, साठा कुणी केला आणि कुणी अडवला ह्यावर. ह्यांनी रांगेत त्या विषयावर तोंड उघडलं नाही. परत येताना दुकानावर थांबले तर आप्पांनी हळूच सांगितलं की ह्या इंजेक्शनने मृत्यू टळतात असं दिसत नाही, नोव्हेंबरातच जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नका म्हणून सांगितलंय. जे खरंच काम करतं ते डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, काही रुपयांचं, आणि तेही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. ह्यांनी विचारलं, मग सगळे रांगेत का? आप्पा म्हणाले, "चिठ्ठीवर लिहिलंय ना." चिठ्ठी चिठ्ठी करणाऱ्या माणसाने हे म्हणावं! पण खोटं नव्हतं. भावजींना दवाखान्यात डेक्सा चालूच होतं, त्याच्यासाठी कुणाला रांग लावावी लागली नव्हती.

२१ एप्रिलला इथल्याच झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ जण गेले. भावजी दुसऱ्या दवाखान्यात होते. त्या संध्याकाळी बाकावर कुणी पक्ष काढला नाही. हे दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप जाऊन कोव्हिशील्ड टोचून आले. घरी सांगितलंच नाही, दंड दुखायला लागल्यावर कळलं.

मे महिन्यात भावजी घरी आले आणि गोव्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, की तिकडे सरकार अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना करोनापासून बचावाला आयव्हरमेक्टिन ही जंतांवरची गोळी देणार आहे, पाच दिवस, १२ मिलिग्रॅम. गोव्यात कमळ, म्हणून हे लगेच आप्पांकडे. "चिठ्ठी?" भावजी वरून हसले. पण त्यांच्या डिस्चार्जच्या फाइलमध्ये तीच गोळी लिहिलेली होती, आपल्याकडच्याच डॉक्टरांनी. मी फक्त पान उघडून समोर धरलं. सप्टेंबरात केंद्राच्या करोना-उपचारांच्या यादीतून ती गोळी आणि माझी गोळी, दोन्ही काढून टाकल्या.

आणि मग जूनमधला तो प्रकार. आमच्याच सिडकोतल्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे आणि नाणी चिकटायला लागली, म्हणून टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या होत्या. देशभर व्हिडिओ फिरला. बाकावर सात-आठ जण जमले. भावजी म्हणाले, बघा काय टोचलंय केंद्राने. हे म्हणाले, लस पुण्याची आहे, तुमचीच. आप्पांनी वहिनींना घरातून चार स्टीलचे चमचे आणायला सांगितले. ह्यांनी सदरा वर केला, घामेजल्या पोटावर चमचा टेकवला. चिकटला! गलका झाला. मग आप्पा म्हणाले, आता भावजींना लावा. भावजींना करोना होऊन तीन महिने झाले नव्हते, म्हणून नियमाने लस मिळालेलीच नव्हती. त्यांच्या छातीवर चमचा लावला. तोही चिकटला, वर दुसराही. एकदम शांतता. आप्पांनी शेल्फवरून टाल्कमचा डबा घेतला, दोघांच्या अंगावर पावडर फासली, आणि चमचे खाली फरशीवर खण्णकन पडले. नुसता घाम. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांनीही तेच सांगितलं होतं, पण दोन भाऊ पिठात घोळलेल्या बोंबलासारखे चौकात उभे, हे त्यांच्याकडे पाहायला मिळालं नसतं. पावडरीचे पैसे आप्पांनी ह्यांच्या खात्यावर लिहिले.

एप्रिल-मे २०२४ ला पुन्हा सगळं उलटंपालटं. बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने, म्हणजे कोव्हिशील्ड मूळची ज्यांची त्या कंपनीने, इंग्लंडच्या कोर्टात कागद दिलाय, त्यांच्या लशीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आमच्याकडे २० मेला मतदान. जी लस भावजींना पुण्याची आणि आपली होती ती एका रात्रीत मोदींची झाली. आणि स्वदेशीवाले हे पुण्याच्या लशीची बाजू घेऊन भांडायला लागले. लशीच्या प्रमाणपत्रावरचा मोदींचा फोटो गेला तो आचारसंहितेमुळे, तर भावजींकडे मेसेज, घाबरून काढला. मला मात्र खरंच भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आप्पांकडे जाऊन रक्त पातळ करायची गोळी मागितली.

"चिठ्ठी?"

मी चिडले. इतक्या वर्षांची ओळख, आणि मला? आप्पांनी स्टूल पुढे केलं. म्हणाले, ही गुठळीची गोष्ट युरोपातल्या औषध खात्याने एप्रिल २०२१ मध्येच सांगितली होती, नवीन फक्त कोर्टाचा कागद आहे. झालीच तर लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होते, आणि तीही फार थोड्यांना. तुम्हाला तीन वर्षं झाली. आमवाताच्या गोळ्यांनी पोट आधीच नाजूक, त्यात ही गोळी मनाने घेऊन रक्तस्राव झाला तर कोणत्या पक्षाला फोन करणार? मी काही न घेता परत आले. त्या दिवशी त्यांचं माझ्याकडून शून्य रुपयांचं गिऱ्हाईक झालं.

तर मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या कायमच्या गोळ्यांसाठी डोळे मिटून जा. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत देतात. संध्याकाळी सात ते आठ टाळा, तेव्हा बाकावर आमच्या घरचे दोघे असतात आणि बिलाला उशीर होतो. ऑक्सिमीटर आता चांगल्या कंपनीचेच ठेवतात म्हणे. मैत्रिणीसाठी गेल्या महिन्यात घ्यायला गेले तेव्हा मी पर्समधून पेन्सिल नेली होती. आप्पांनी न बोलता डबी उघडून दिली.

पेन्सिलीला आकडा आला नाही. घेतला.