1840ची माइल्ड म्हणे!

पाकिटावर ठळक छापलंय, ‘ऐतिहासिक इंग्लिश माइल्ड, 1840’. माइल्ड हा इंग्लिश बिअरचा एक प्रकार; हे घरी बिअर बनवायचं, ऑनलाइन मागवलेलं वीस लिटरचं किट. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण बिअर शेवटी चांगली झाली. भांडण त्या सालाशी आहे.

आत पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं, फिकट रंगाचं जव), थोडा काळा भाजका माल्ट, गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), विंडसर यीस्ट आणि इन्व्हर्ट शुगरची पिशवी. अहो, 1840 साली इंग्लंडात ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, बिअरमध्ये साखर घालायची बंदी होती, ती उठली 1847 साली! आणि तेव्हाची माइल्ड काळीही नव्हती, हलकीही नव्हती. ‘माइल्ड’ म्हणजे फक्त ताजी, न मुरवलेली. करकरीत कैरीचं लोणचं असतं ना, तशी. लंडनची ‘एक्स’ नावाची साधी माइल्डसुद्धा 1070च्या आसपास ग्रॅव्हिटीची असे (ग्रॅव्हिटी म्हणजे आंबवण्याआधीच्या रसाची घनता, पाणी 1000 धरून; जितकी जास्त, तितकी बिअर कडक). किटच्या पत्रकात आकडा 1034! पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायला सरकारनं बिअर पातळ करायला लावली, त्यानंतरची ही माइल्ड.

मग साखर आणि काळा माल्ट बाजूला ठेवले, घरातला किलोभर पेल माल्ट वाढवला आणि दहा लिटरच काढायचं ठरवलं. हॉप्स मात्र सगळे घातले, त्या काळी हात सैलच असे.

खरा घोळ पुढेच. माल्ट भरडायचा असतो, यांनी दळून पाठवलाय. टरफल शिल्लकच नाही, त्यामुळे गाळायला आधार नाही. नळाला चिकट लगदा बसला. शेवटी आईचा धुतलेला पंचा पातेल्यावर बांधून वाटी-वाटीनं गाळलं, दीड तास. आई दारातून बघत म्हणाली, “चक्का टांगलायस का रे?” आमच्या कोथरूडचा गिरणीवाला याहून बरं भरडून देईल.

ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर 1068वर थांबला. डिसेंबर असल्यानं खोलीत वीस-एकवीस अंश होते, यीस्ट खूश. दहा दिवसांनी 1022. विंडसर यीस्ट माल्टोट्रायोज (माल्टमधली एक साखर) खातच नाही, म्हणून एवढा गोडवा राहणारच होता. अल्कोहोल साधारण सहा टक्के. रंग जुन्या पितळेचा, चव बिस्किटाची, मागून हॉप्सचा कडवटपणा. दोन आठवड्यांत संपली.

यीस्ट आणि हॉप्स ताजे होते, त्याचे चार तारे. पाचवा भरडीनं खाल्ला. साखर आणि काळा माल्ट डब्यात पडून आहेत. पुढच्या वेळी 1920ची माइल्ड करीन, तेव्हा यांचं पत्रक शब्दशः पाळेन.