नागपूरच्या बर्डीवरून घेतलेला ६१ कीजचा कीबोर्ड
पोरीसाठी घ्यायचा होता, ती ९ वर्षांची, तर दुकानदार मिनी कीजवालाच गळ्यात मारून राहिला होता, म्हणे लहान हाताला लहानच बरा. मी टेप घरूनच नेला होता (बायको हसली, हसू द्या), मोजलं तर त्याच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून जेमतेम १३ सेंटीमीटर, खऱ्या पियानोवर साधारण साडेसोळा भरतात. माझी बोटं तर दोन काळ्यांच्या मधे अडकूनच बसली! म्हणून फुल साईझ कीजवालाच घेतला, एकदा बारक्या अंतराची सवय लागली की क्लासच्या पियानोवर उडी चुकते ना बाप्पा.

आता खरं सांगतो, पोरीचा अंगठा सा वर ठेवला तर करंगळी वरच्या सा पर्यंत पोचत नाही, ध वरच संपते. ताणू देत नाही मी, मनगट दुखतं, दोन सूर एकामागोमाग वाजवते. हात लहान म्हणून हॉफमनसारख्या नावाजलेल्या पियानिस्टसाठी स्टाइनवे या पियानो कंपनीनं अरुंद पट्ट्यांचा पियानो बनवून दिला होता, आजही ६ इंची सप्तकाचे कीबोर्ड बनतात, पण इथं विचारलं तर दुकानदार माझं तोंडच पाहत राहिला.

आवाज मस्त, पट्ट्या जरा हलक्या. पेडल वेगळं घ्यावं लागलं.